तिसऱ्या कांडीचा वट

कल्पना कर, तुझा वर्ग भरला आहे आणि बाई अजून आलेल्या नाहीत. कुणीतरी एक बातमी आणली आहे. कसली ते सोडून दे. खरी असो की थाप, वर्गात ती सारख्याच वेगाने पळते. ज्याने ऐकली तो शेजारच्याच्या कानाला लागतो, शेजारचा मागच्या बाकाकडे वळतो. प्रत्येकाने ती फक्त एकालाच सांगितली तर कुजबुज आहे तेवढीच राहते. प्रत्येकाने दोघांना सांगितली, तर थोड्याच वेळात पलीकडच्या वर्गातले सर येऊन दार वाजवतात.

आता त्याच वर्गात अशी एक मुलगी बसव, जिच्या पोटात सगळं राहतं. तिच्या कानी आलेली बातमी तिथेच संपते. ती रागावत नाही, कुणाला गप्प बस म्हणत नाही, फक्त पुढे सांगत नाही. तेवढ्याने सगळ्या वर्गाचा आवाज उतरतो.

अणुभट्टीत असंच चालतं. तिथे बातमीच्या जागी न्यूट्रॉन असतात, डोळ्यांना न दिसणारे कण. एक न्यूट्रॉन इंधनातल्या अणूवर आदळतो, अणू फुटतो, त्यातून ऊब निघते आणि नवे न्यूट्रॉन निघतात, ते पुढच्या अणूंकडे धावतात. आणि पोटात ठेवणारी मुलगी म्हणजे नियंत्रक कांडी. इंधनाच्या मधोमध ती वरून खाली सरकवतात. ती न्यूट्रॉन गिळते आणि ढेकरही देत नाही. शंभर न्यूट्रॉनांच्या पोटी पुन्हा शंभर आले तर भट्टी एका जागी स्थिर. कांडी आत गेली आणि नव्याण्णवच आले तर भट्टी मंदावू लागते. कुठली कांडी किती न्यूट्रॉन कमी करील, याचा आधी कागदावर हिशेब करतात आणि मग तो भट्टीत मोजून पाहतात. पुस्तकात याला मोठं नाव आहे. मी ज्या भट्टीची गोष्ट सांगतोय, तिथली माणसं त्याला सरळ कांडीचा वट म्हणत.

हा वट काढायचं काम एका मुलीच्या आईकडे होतं. मुलगी लहानखुरी आणि पायाला भिंगरी लावलेली, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिची मोठी बहीण, ताई, अगदी उलट. पुस्तक हातात घेतलं की तिच्या अंगावरून उंदीर गेला तरी तिला कळलं नसतं.

आजी गेल्यावर आजोबा, म्हणजे आईचे वडील नाना, त्यांच्याकडे राहायला आले होते. दिवसभर ते बरे असत. उन्हं उतरली की मात्र त्यांचं मन थाऱ्यावर राहत नसे. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या सुरू होत. मला घरी जायचंय, म्हणत. हेच तुमचं घर, असं सांगितलं की नुसते बघत राहत आणि पुन्हा चालू लागत. तेव्हा ताई त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायची आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बाजारभावापासून हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीपर्यंत सगळं, एका सुरात. हळूहळू आजोबांचे हात मांडीवर स्थिर होत. मुंगीही शेजारी स्टूल ओढून बसायची. तिने पाणी आणलं, पाय चेपले, गाणंसुद्धा म्हणून पाहिलं. आजोबा ताईच्या तोंडाकडे बघत राहायचे.

सुट्टी जवळ आली, तेव्हा आईने दुसऱ्या गावी आत्याला फोन केला. मुंगी दाराआड उभी होती. चोरून ऐकत नव्हती, बूट शोधत होती. आई म्हणत होती, "वन्सं, धाकटीला पाठवते तुमच्याकडे. थोरलीला ठेवावंच लागेल, तिच्याशिवाय नाना ऐकत नाहीत. ही असली काय नि नसली काय, त्यांना काही फरक पडत नाही."

आई हे रागाने बोलली नव्हती. जसं दिसलं तसं सांगत होती, मोजणाऱ्या माणसाच्या सवयीने. पण मुंगीला बूट सापडूनही ती तो हातात घेऊन तशीच उभी राहिली. आत्या तिला आवडायची. आत्याकडे अंगण होतं, मांजर होती. तरीही तिला जायचं नव्हतं. आजोबा जेवढे ताईचे, तेवढे आपलेही, असं तिला वाटत आलं होतं. आता ते खरं नाही असं ठरलं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

तिची बॅग भरून झाली. ती कुणाशी भांडली नाही, हेच आईला जरा चमत्कारिक वाटलं. पण त्या आठवड्यात आईचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. भट्टीतली तिसरी कांडी अडून बसली होती.

ही भट्टी तशी छोटी, शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलेली. खोल हौदात, स्वच्छ पाण्याच्या तळाशी तिचं इंधन, आणि वरून आत सोडलेल्या पाच कांड्या. दरवर्षी कांड्यांचा वट मोजत. यंदा चार कांड्या आईच्या हिशेबाशी जुळल्या. तिसरीचा वट मात्र जवळजवळ पावपट कमी भरला. मोठे साहेब म्हणाले, कांडी थकली. न्यूट्रॉन गिळून गिळून तिच्यातलं गिळणारं द्रव्य संपत आलं असेल, काढून टाकू, नवी मागवू. आईचं म्हणणं, इतक्या लवकर ती थकायची नाही, माझा हिशेब तसं सांगत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, की मग हिशेब चुकला असेल. पुन्हा एकदा मोजून बघायला त्यांनी परवानगी दिली, तीही एकदाच.

मुंगी आत्याकडे निघायच्या आदल्या दिवशीच ही मोजणी होती. शाळा संपलेली, घरी आजोबांजवळ ताई होतीच, म्हणून आई मुंगीला बरोबर घेऊन गेली. पाहुण्या मुलांना देतात तसा बिल्ला तिच्या गळ्यात अडकवला आणि नियंत्रण कक्षात काचेच्या अलीकडे तिला खुर्ची दिली. मुंगी खुर्चीत कमी आणि काचेला नाक लावून जास्त होती.

पलीकडे बटणांच्या लांबलचक फळ्यासमोर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. त्यांच्या फळ्यावरून मुंगीने त्यांना फळाकाका नाव दिलं, आणि ते त्यांना आवडलं. तुझी आई मला उभ्या जन्मात इतकं छान काही म्हणाली नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मुंगीने त्यांना विचारलं, तिसऱ्या कांडीला काढल्यावर कुठे ठेवणार? ते म्हणाले, हौदाच्या कोपऱ्यात एक खाच आहे, तिथे. एकटीच? एकटीच. मुंगीने पुन्हा काचेला नाक लावलं.

मोजणी सुरू झाली. तिची रीत अशी. तिसरी कांडी थोडी वर ओढायची. भट्टीतले न्यूट्रॉन वाढू लागतात. ते दुप्पट व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. जितक्या लवकर दुप्पट, तितका कांडीच्या त्या तुकड्याचा वट मोठा. मग दुसरी कुठली तरी कांडी खाली ढकलून वाढ आवरायची, आणि तिसरी आणखी थोडी वर. उतू जाणाऱ्या दुधाखालचा जाळ कमीजास्त करावा तसं. एकेक तुकडा मोजत सबंध कांडी पुरी करायची.

आकडे पुन्हा कमीच येत होते. आईने आकड्यांवरची नजर काढली आणि फळाकाकांच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात तिसऱ्या कांडीच्या बटणावर, डावा दुसरीच्या. आईने विचारलं, दुसरीच का? तोल सांभाळायला आपण नेहमी लांबची पाचवी घेतो ना? काका म्हणाले, नेहमी आम्ही दोघं असतो. बाकीच्या चार मोजून झाल्या आणि जोडीदार रजेवर गेला, मागच्या खेपेलाही तिसरीला मी एकटाच. पाचवीचं बटण फळ्याच्या त्या टोकाला आणि तिसरीचं इथे. "माझे हात काय रबराचे आहेत? दुसरीचं बटण हाताशी होतं, ते घेतलं. तोल सांभाळल्याशी कारण."

आईने दोन्ही बटणांमधलं अंतर नजरेने मोजलं. मग मोजणी थांबवायला सांगून सरळ आपल्या टेबलाशी गेली. मुंगी तिच्या मागोमाग.

टेबलाशी बसून आईने कागदावर पाच ठिपके काढले आणि मुंगीला वर्गाची तीच गोष्ट सांगितली, जी मी तुला सुरुवातीला सांगितली. "आता सांग, पोटात ठेवणारी मुलगी कोपऱ्यात बसवली तर?"

मुंगी म्हणाली, तिच्यापर्यंत बातम्या कमीच पोचतील.

आई म्हणाली, बरोबर, पण अर्धंच. कोपऱ्यात तिच्या कानी बातम्या कमी येतील, हे एक. आणि आलेली बातमी तिने पुढे सांगितलीच असती, तरी तिथे ऐकायला माणसं कमी, म्हणजे तिने पोटात ठेवल्याचा फायदाही कमी. दोन्हीकडून मार. म्हणून गर्दी निम्मी झाली की वट निम्मा होत नाही, पाव होतो. कांडी तीच, पण जागा बदलली की तिचा वट बदलतो.

मग तिने पेन्सिल तिसऱ्या ठिपक्यावरून त्याच्या शेजारच्या दुसऱ्या ठिपक्यावर नेली. ही दुसरी कांडी. काकांनी तिसरी वर ओढली आणि तोल राखायला दुसरी खाली ढकलली. दर वेळी आणखी खाली. म्हणजे पोटात ठेवणाऱ्या मुलीच्या शेजारीच तशीच दुसरी मुलगी आणून बसवली. सगळ्या बातम्या तिनेच आधी गिळल्या. हिच्या वाट्याला येणार काय? वडाखाली लावलेल्या रोपासारखी तिची गत. माझा हिशेब दुसरी कांडी वर आहे असं धरून केलेला आणि मोजलं ती खाली असताना. मोजणारे हात बरोबर, हिशेबही बरोबर, पण दोघं वेगवेगळ्याच वर्गाबद्दल बोलत होते.

आईने हिशेब पुन्हा मांडला. या खेपेला काकांच्या प्रत्येक टप्प्याला दुसरी कांडी जिथे होती तिथेच धरली. संगणकाने बराच वेळ घेतला. मुंगीने तेवढ्यात खिडकीपासून कपाटापर्यंत किती तरी चकरा मारल्या. उत्तर आलं, ते काकांच्या मोजणीशी जवळजवळ तंतोतंत जुळलं.

मोठ्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, कागदावर पटलं, पण मला भट्टीच्या तोंडून ऐकायचंय. फळ्याच्या टोकाला बसायला माणूस नव्हता, म्हणून अंगातला कोट काढून ते स्वतःच पाचवीच्या बटणाशी जाऊन बसले. ते बटण चालवायचा परवाना त्यांच्याकडे होता, सवय मात्र गेली होती. फळाकाका त्यांना, साहेब, हलक्या हाताने, ते सही करायचं पेन नव्हे, असं बजावत राहिले, आणि साहेब चक्क ऐकत राहिले.

दुसरी कांडी वर ठेवून, दूरच्या पाचवीने तोल राखून तिसरी पुन्हा मोजली. यावेळी वट कमी तर नव्हताच, उलट थोडा जास्तच भरला. मुंगीने आईकडे पाहिलं. आईने सांगितलं, तेही बरोबरच आहे. पलीकडच्या टोकाला कांडी खाली गेली की तिकडची गर्दी आटते आणि इकडची वाढते, मग हिला काम जास्त मिळतं. तसाही हिशेब करून ठेवला होता. तोही जुळला.

"म्हणजे हिला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले.

"काही नाही. धडधाकट आहे."

फळाकाका म्हणाले, की साहेबांनी हौदाशी जाऊन तिसरीची माफी मागावी. साहेब म्हणाले, आधी तू माग, तिच्या शेजारी दुसरीला तू बसवलंस. सगळे हसले. आईच्या चेहऱ्यावर आठवड्याभराने हसू आलं होतं.

मुंगी हसली नाही. ती काचेशी उभी होती. तिने मागे न वळता विचारलं, "आई, मग मला ताई बसलेली असताना का मोजलंस?"

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. आत्याला केलेला फोन, न भांडता भरलेली बॅग, सगळं एकदम. तिने मुंगीच्या गळ्यातला बिल्ला सरळ केला, जो सरळच होता.

घरी जाताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. दोन थांबे गेले. मग आई खालच्या आवाजात म्हणाली, की ताई वाचत असते तेव्हा आजोबा शांतच झालेले असतात. तेव्हा तू आलीस काय नि न आलीस काय, दिसणार काहीच नाही. पण ताई नसताना तू एकटी त्यांच्याजवळ कधी होतीस, हे मी बघितलंच नाही. बघायच्या आधीच बोलले. आज बघू या.

"आणि फरक पडला नाही तर?" मुंगीने विचारलं.

आई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "पडेलच असं मी सांगू शकत नाही, राणी. मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण पडो न पडो, तू आमची आहेस. ते मोजायचं नसतं."

मुंगीने विचार केला आणि मान हलवली. फरक पडला नाही, तर उद्या आत्याकडे जाईन, रडणार नाही, असं तिने स्वतःच सांगून टाकलं.

घरी ताईला आईने सांगितलं, आजची संध्याकाळ तुझी, कुठे जायचं तिथे जा. आईला वाटलं होतं ती कुरकुर करील. ताईने पुस्तक मिटलं आणि आधी विश्वासच ठेवला नाही. किती दिवस झाले, तिची मैत्रीण तिला बोलवत होती आणि ती नाही म्हणत होती. केस विंचरता विंचरता ती मुंगीला म्हणाली, "घे बाई, कर राज्य. तिसरं पान वाचू नकोस, त्यात सगळे मेलेले असतात." आणि ती इतक्या झपाट्याने जिना उतरली, की मोठी मुलगी कोण आणि मुंगी कोण, असा प्रश्न पडावा.

उन्हं उतरली. आजोबा खुर्चीतून उठले. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. आई स्वयंपाकघरात गेली, पण तिने भांड्यांचा आवाज होऊ दिला नाही.

मुंगीने ताईसारखंच केलं. आजोबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, वर्तमानपत्र उघडलं आणि बाजारभाव वाचू लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच आजोबा उठले. तिने पुन्हा बसवलं, ते पुन्हा उठले. तिने आवाज चढवला, मग उतरवला. ते दाराशी जाऊन कडीशी चाळा करत म्हणाले, मला घरी जायचंय. तिसऱ्यांदा तिने बसवलं, तेव्हा तर त्यांनी हात सोडवून घेतला. आईचे पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. अजून थोडं, असं ती स्वतःला सांगत होती. चालू असलेल्या मोजणीत मध्येच हात घालायचा नसतो.

मुंगी वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसली. आजोबा चालत होते. खिडकी, दार. दार, खिडकी. ती बघत राहिली. बघता बघता तिचेही पाय हलायला लागले, स्टुलावर बसूनच, कारण तिचे पाय स्थिर कधी नव्हतेच. आणि मग तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस सगळे आजोबांना बसवायलाच बघत होते. चालू कुणी दिलंच नव्हतं.

तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं. कपाटाखालून आजोबांच्या चपला काढल्या, त्यांच्या पायांशी नीट मांडल्या. मग स्वतःच्या पायात चपला सरकवल्या आणि दाराची कडी काढली.

"आई, आम्ही फिरून येतो. कोपऱ्यापर्यंतच."

आजोबा उघड्या दाराकडे बघत राहिले. त्या दाराशी त्यांनी किती तरी संध्याकाळी कडीशी झटापट केली होती, ते आज सहज उघडलं होतं. त्यांनी चपला घातल्या. मुंगी पुढे पळाली आणि रोजच्यासारखी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उडी मारून उतरू लागली.

"सावकाश," मागून आजोबा म्हणाले. "पडशील, पोरी."

उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं. संध्याकाळच्या वेळी घरी जायचंय याखेरीज दुसरं काही ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

मुंगी थांबली. वळून, उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढून वर आली. आजोबांपुढे तिने आपलं बोट धरलं, त्यांनी ते मुठीत घट्ट पकडलं. मग ती त्यांच्याबरोबर एका वेळी एकच पायरी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, सावकाश खाली उतरू लागली.